हप्ते थकल्यावरचा वकील

"बँक कोणती?" वकीलबाईंचा पहिला प्रश्न हा होता. दादाने नाव सांगितलं. त्यांनी सहायकाकडून एक यादी मागवली, नजरेखालून घातली आणि म्हणाल्या, "या बँकेच्या पॅनेलवर मी नाही. बसा, आता बोलू." तोवर दादाने पुढे सरकवलेल्या फाइलला त्यांनी हातही लावला नव्हता. ज्या बँकेचं काम आपण घेतो तिच्या कर्जदाराची बाजू ऐकूनच घ्यायची नाही, ही शिस्त मला तिथे पहिल्यांदा दिसली आणि निम्मा विश्वास तिथेच बसला.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. भोसरी एमआयडीसीत त्याचं प्रेस शॉप आहे, गाड्यांसाठी पत्र्याचे ब्रॅकेट आणि क्लॅम्प बनवतो. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, डायरेक्टर तो आणि वहिनी. मुख्य गिऱ्हाइकाने एक मॉडेल बंद केलं, त्याच्या डायमध्ये घातलेला पैसा अडकला, कॅश क्रेडिटचं म्हणजे सीसी खातं मर्यादेबाहेर गेलं, टर्म लोनचे हप्ते थकले. मग एकाच आठवड्यात बँकेचं पत्र आलं आणि कॉइल देणाऱ्या व्यापाऱ्याची नोटीसही. घरात कोणी नीट जेवेना.

असा वकील शोधायचा कसा, हाच आधी प्रश्न होता. आपल्याकडे वकिलाला जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. म्हणून मोबाइलवर ‘कर्जातून सुटका’ म्हणत जे येतात ते बहुधा दलाल असतात, आणि सुटलेल्या रकमेवर टक्के मागतात. निकालावर फी अवलंबून ठेवणंही वकिलाला निषिद्ध आहे, त्यामुळे टक्केवारीची भाषा ऐकू आली की तिथून उठावं. आधी ज्या एका ऑफिसात आम्ही गेलो होतो तिथे कागद न बघताच "स्टे आणून देतो, निश्चिंत राहा" असं सांगण्यात आलं. कशावर स्टे, कुठल्या कोर्टातून, हे विचारल्यावर उत्तर मिळालं नाही.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते मुंबईत कफ परेडला जाऊन बसणं. पुण्याच्या कंपन्यांची दिवाळखोरीची प्रकरणं तिथल्या एमटीएनएलच्या इमारतीत, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणासमोर चालतात. सगळे त्याला एनसीएलटीच म्हणतात. सुनावणी खुली असते. बोर्ड लांबलचक, एकेका प्रकरणाच्या वाट्याला थोडीच मिनिटं येतात. समोरून प्रश्न येतो, "डिफॉल्टची तारीख?" आणि काही वकील पानं उलटत राहतात, काही एका वाक्यात उत्तर देऊन बसतात. ती तारीख मोलाची आहे, कारण अर्जाची तीन वर्षांची मुदत तिथून मोजली जाते. फाइल कोणी वाचली आहे आणि कोणी नाही, हे बाहेरच्या माणसालाही मागच्या बाकावरून कळतं. वकीलबाईंना मी आधी तिथेच पाहिलं होतं, एका पुरवठादाराच्या बाजूने उभ्या. धनकोची बाजू लढवलेला वकील ऋणकोच्या कामाचा असतो, असं माझं मत झालं आहे. समोरच्याचा पुढचा डाव त्याला ठाऊक असतो.

तर शिवाजीनगरचं त्यांचं ऑफिस. त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि फक्त तारखा लिहायला सुरुवात केली. शेवटचा पूर्ण हप्ता कधी भरला? सीसी खात्यात मर्यादेखाली शेवटचं कधी आलात? स्टॉक स्टेटमेंट कोणत्या महिन्यापर्यंत दिलंय? नोटीस लिहिली कधी, हातात पडली कधी? दादाला रकमा तोंडपाठ होत्या, तारखा एकही नाही. वहिनींनी मोबाइलवर बँकेचे मेसेज शोधून त्या एकेक सांगितल्या.

त्या कागदावरून जे निघालं त्याने चित्रच बदललं. दादा ‘जप्तीची नोटीस आली’ म्हणत होता. ते पत्र थकबाकीचं होतं. खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत-थकीत, व्हायला नव्वद दिवस उलटावे लागतात. आम्ही साठ ओलांडले होते, नव्वद नाही. बँकेच्या भाषेत हे ‘एसएमए-२’. सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची साठ दिवसांची नोटीस एनपीए झाल्यानंतरच येते, आणि ताबा घेण्याची वेळ त्याही पुढची. "सात-आठ आठवडे उशिरा आला असतात तर माझ्या हातात फार थोडं उरलं असतं," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्या रोज कुणाला तरी बोलत असणार, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बहुतेक लोक गेटवर नोटीस चिकटल्यावरच येतात.

नव्वद दिवसांच्या आतल्या या जागेला कायद्यात अर्थ आहे. लघुउद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी केंद्राने २९ मे २०१५ ला एक चौकट जाहीर केली. पंचवीस कोटींपर्यंतचं कर्ज असलेला उद्योग स्वतःहून, प्रतिज्ञापत्रासह, बँकेच्या समितीकडे अर्ज करू शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रो निट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट बँकांवर बंधनकारक ठरवली. त्याच निकालात उद्योजकालाही बजावलं, की आपण या वर्गात मोडतो हे खातं एनपीए होण्यापूर्वीच कागदांनिशी बँकेला सांगायला हवं. दादाकडे उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र होतं. ते बँकेच्या कर्जाच्या फाइलीत आहे का, हे त्याला माहीत नव्हतं. "असेल किंवा नसेल, पुन्हा द्या, आणि पोच घ्या," वकीलबाई म्हणाल्या.

व्यापाऱ्याची नोटीस निराळी होती. दिवाळखोरी संहितेच्या कलम ८ खालची, ३८ लाखांच्या बिलांची. अशा नोटिशीला दहा दिवसांत उत्तर द्यायचं असतं. संहिता २०१६ ची, आणि कंपनीविरुद्ध अर्ज करायला आधी एक लाखाची थकबाकी पुरत होती. २४ मार्च २०२० पासून ती मर्यादा एक कोटी झाली. म्हणजे हा व्यापारी एकट्याने एनसीएलटीत जाऊच शकत नव्हता. दादा हे ऐकून उठायला निघाला. वकीलबाईंनी बसवलं. "उत्तर जाणारच. तो उद्या साधा वसुलीचा दावा लावेल, तेव्हा तुमचं मौन तुमच्या विरोधात वाचलं जाईल. माल खराब होता म्हणता, ते खरं आहे का?" काही कॉइल गंजल्या होत्या, तशी ईमेल दादाने त्याच वेळी पाठवली होती. बाकीचा माल चांगला होता. त्यांनी उत्तरात गंजलेल्या मालापुरताच वाद नोंदवला. उरलेल्या रकमेवरही काहीतरी हरकत घ्या, असा दादाचा आग्रह होता. त्या ठाम राहिल्या. वाद खरा, नोटिशीआधीचा आणि कागदावर दिसणारा हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या मोबिलॉक्स निकालातच सांगून ठेवलं आहे.

सर्वांत अवघड भाग त्यानंतर आला. "कंपनी लिमिटेड आहे, माझ्या घराला काय होणार?" असं दादा गेली कित्येक वर्षं म्हणत आला होता. वकीलबाईंनी मंजुरीपत्राचं शेवटचं पान उघडलं. दोघांची पर्सनल गॅरंटी, आणि चिंचवडचा फ्लॅट तारण. कंपनीची दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली की तिच्यावरच्या वसुलीला मनाई लागते, पण ती छत्री जामीनदाराच्या डोक्यावर येत नाही. कंपनीची निराकरण योजना (रिझोल्यूशन प्लॅन) मंजूर झाली तरी जामीनदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये सांगितलं. न वटलेल्या चेकचंही तसंच: कंपनीविरुद्धचा खटला थांबतो, सही करणाऱ्या डायरेक्टरवरचा चालू राहतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "मी तर नुसती सही केली होती." वकीलबाईंनी खोटा दिलासा दिला नाही. "ताई, सही पूर्ण आहे. म्हणूनच घर वाचवायचं तर बँकेशी आत्ता बोलायचं."

एकट्या मालकीचा धंदा असता तर वाट आणखी वेगळी. त्याच्यासाठी संहितेतला भाग अजून लागू झालेला नाही, पुण्यात तो माणूस १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयात जातो. पाचशे रुपयांचं कर्ज असलं तरी अर्ज करता येतो, असा तो काळ.

मग त्यांनी विचारलं, "गेल्या दोन वर्षांत घरच्या माणसांचे पैसे परत केलेत का? मशीन कुणाच्या नावावर केलंत? घराचं बक्षीसपत्र?" दादा सोबतच्या सीएसाहेबांकडे बघायला लागला. वकीलबाईंनी त्यांना नम्रपणे बाहेर बसायची विनंती केली. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं उघड करायला कायदा वकिलाला भाग पाडत नाही, सीएला ते संरक्षण नाही. दार लागल्यावर दादा बोलला. सासऱ्यांकडून घेतलेले पैसे बाकीच्यांच्या आधी फेडून टाकायचे आणि एक प्रेस भावाच्या फर्मला विकल्याचं दाखवायचं त्याच्या मनात होतं. अजून केलं नव्हतं. "करू नका," त्या म्हणाल्या. नातलगांशी झालेले असे व्यवहार मागची दोन वर्षं उकरून रद्द करून घेता येतात. माझ्या मते त्या दिवशीची त्यांची सगळी फी या एका वाक्यात वसूल झाली.

फीचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं, टप्प्यांनिशी: नोटिशीचं उत्तर, बँकेचा अर्ज, समितीसमोरची चर्चा, लागलंच तर पुण्याचं कर्जवसुली न्यायाधिकरण, म्हणजे डीआरटी, आणि तिथल्या प्रत्येक तारखेला किती. स्वतः उभ्या राहणार की ज्युनिअर, तेही लिहिलेलं. कंपनी स्वतःहून एनसीएलटीत नेण्याचा मार्ग त्यांनी तूर्त बाजूला ठेवला. तिथे कारभार रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या हातात जातो आणि प्रक्रिया तीनशे तीस दिवसांपर्यंत ताणू शकते, तेवढ्यात छोट्या शॉपची गिऱ्हाइकं निघून जातात. एप्रिल २०२१ पासून लघुउद्योगांना प्री-पॅकची सोय आहे, तिच्यात मालकाकडे कारभार राहतो, पण बँकेची संमती आधी लागते. एकच बँक असताना तिच्याशी सरळ बोलणं बरं, हा त्यांचा निर्णय मला पटला.

अर्जासोबत पुढच्या बारा महिन्यांच्या आवक-जावकेचा तक्ता लागणार होता. दादाने तो केला आणि चौथ्या महिन्यापासून एका नव्या गिऱ्हाइकाची मोठी ऑर्डर धरली. "हे लेखी आलंय?" नाही, पण येणार, असं दादा म्हणाला. "मग काढा." तो वाद घालत राहिला, इतकी वर्षं धंदा करतोय, मला कळतं, म्हणाला. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेन पुढे केलं. ऑर्डर निघाली, परवडणारा हप्ता खाली आला, फेडीची मुदत लांबली. प्रतिज्ञापत्रावर दोघांच्या सह्या झाल्या. अर्ज खातं नव्वद दिवसांना पोहोचण्यापूर्वी बँकेत दिला, आवक शिक्क्याची प्रत वहिनींच्या फाइलीत लागली, आणि समितीने पहिलं जे विचारलं ते त्याच तक्त्यातल्या चौथ्या महिन्याबद्दल होतं.