सांगणं कमी, ऐकणं जास्त

"तंबाखू सोडा, नाहीतर कॅन्सर होईल," असं डॉक्टरांनी बजावलं की पेशंट मान डोलावतो आणि दवाखान्याबाहेर येऊन पुन्हा मळायला घेतो. दारूच्या व्यसनावर काम करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये वेगळी वाट सुचवली. १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासोबत त्यावर पुस्तकही लिहिलं. बदलाचं कारण पेशंटच्याच तोंडून यायला हवं, हे त्याचं सार.

"तंबाखू सोडावीशी कधी वाटते?" एवढंच विचारायचं. "नातीला जवळ घेतलं की ती तोंड फिरवते," असं उत्तर आलं, तर तोच धागा पकडायचा: "ते मनाला लागतं तुमच्या." आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणंच शिकवायला सगळ्यात अवघड. समोरच्याचं चुकलेलं दिसलं की दुरुस्त करायची खोड आपल्या सगळ्यांनाच. डॉक्टर-नर्सना जरा जास्तच.

म्हणून ही पद्धत शिकायला दोन दिवसांची कार्यशाळा पुरत नाही. मिलर आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या अभ्यासात, कार्यशाळेनंतर स्वतःच्या संभाषणांच्या रेकॉर्डिंगवर अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळालेल्यांचं कौशल्य जास्त टिकलं. आपल्या आरोग्य केंद्रात असं प्रशिक्षण ठेवणार असाल, तर नंतर ती संभाषणं कोण ऐकणार, हे आधी ठरवा.