विक्रोळी ते पवई : नव्या कल्पनेला जागा कोण देतो?

कंपनी जुनी असो वा नवी, कल्पनांची वानवा तिच्यात सहसा नसते. कारखान्यातल्या फिटरपासून दुकानोदुकानी फिरणाऱ्या विक्रेत्यापर्यंत अनेकांच्या डोक्यात काही ना काही घोळत असते. कमी पडतो तो वेळ, पैसा आणि चुकण्याची मुभा. प्रस्थापित कंपनीकडे पैसा असतो, पण चालू धंद्याच्या हिशेबात नवी वस्तू नेहमीच खुजी दिसते. स्टार्टअपला मोकळीक असते, पण पुढच्या सहा महिन्यांचे पगार कुठून द्यायचे ही चिंता मानगुटीवर असते. मुंबईच्या उपनगरांत या दोन्ही अडचणी, आणि त्यांवर शोधलेले मार्ग, जवळजवळ नांदताना दिसतात. विक्रोळीला गोदरेज, कांदिवलीला महिंद्र, अंधेरीला सीप्झ ही निर्यात वसाहत आणि पवईला आयआयटी.

गोदरेजची सुरुवात 1897 साली लालबागला कुलपांपासून झाली. विक्रोळीचा कारखाना उभा राहिला तो स्वातंत्र्याच्या सुमारास, आणि त्याचे पहिले मोठे काम होते देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या. 12 लाखांहून अधिक पोलादी पेट्या, त्याही काही महिन्यांत आणि साधारण पाच रुपये नगाने. बाहेरून लावायच्या कुलपाचा खर्च या किमतीत बसेना, तेव्हा कुलूप पेटीच्या आतच बसवण्याची युक्ती निघाली. ती सुचवली कारखान्यातल्याच एका कामगाराने. डिसेंबर 1951 मध्ये विक्रोळीतून दिवसाला सुमारे 15,000 पेट्या बाहेर पडत होत्या. या गोष्टीत संशोधन विभाग नाही की सल्लागार नाही. किमतीची काटेकोर मर्यादा होती, अंगावर आलेली मुदत होती आणि कामगाराचे म्हणणे ऐकून घेणारा कोणी तरी वर बसलेला होता. तिसरी गोष्ट नसती तर पहिल्या दोन्ही असून काही उपयोग झाला नसता.

1955 मध्ये याच कंपनीने भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला आणि पुढची कित्येक दशके कचेऱ्या, न्यायालये, टंकलेखनाचे वर्ग त्याच्या खडखडाटाने भरून गेले. मग संगणक आले. 2009 च्या सुमारास सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या कारखान्यात या यंत्रांचे उत्पादन थांबले. वस्तू कितीही खपत असली तरी तिचा काळ संपतो, हे कंपनीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. फ्रीजच्या धंद्यातही नव्वदीच्या दशकात कोरियन कंपन्या आल्यावर स्पर्धा जीवघेणी झाली होती. गोदरेजच्या 'छोटूकूल' या छोट्या, स्वस्त फ्रीजचा जन्म समजून घ्यायचा तर ही पार्श्वभूमी लक्षात ठेवावी लागते.

2006 च्या सुमारास गोदरेजच्या अधिकाऱ्यांसाठी हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्टेनसेन यांची कार्यशाळा झाली. ख्रिस्टेनसेन यांचा सिद्धांत असा : मोठ्या कंपन्या आपल्या सर्वांत चांगल्या गिऱ्हाइकांच्या मागे इतक्या धावतात की ज्यांच्याकडे वस्तूच नाही अशा माणसांकडे त्यांचे लक्षच जात नाही, आणि नेमके तिथूनच कोणी तरी स्वस्त, साधी वस्तू घेऊन बाजारात शिरते. त्या काळी भारतातल्या बहुसंख्य घरांत फ्रीज नव्हता. जी. सुंदररामन यांच्या नेतृत्वाखाली एक वेगळा गट या घरांसाठी कामाला लागला.

गावातल्या छोट्या घरात जागा अपुरी, वीज बेभरवशाची, भाजी रोजच्या रोज आणायची सवय. अशा घरी मोठा फ्रीज लहान करून विकण्यात अर्थ नव्हता. म्हणून कॉम्प्रेसर आणि गॅस दोन्ही काढून टाकले. दोन वेगळ्या अर्धवाहक पदार्थांच्या जोडावरून वीज वाहू दिली की एक बाजू गार होते आणि दुसरी तापते. तापलेल्या बाजूची उष्णता छोट्या पंख्याने बाहेर टाकली की पेटी थंड राहते. झाकण वर ठेवले, कारण गार हवा जड असल्याने वरून उघडल्यावर ती सांडून जात नाही. वजन आठ किलोंच्या आत, क्षमता 43 लिटर, 12 व्होल्टच्या बॅटरीवर किंवा इन्व्हर्टरवरही चालेल अशी सोय आणि सुरुवातीची किंमत साडेतीन हजारांच्या आसपास. बर्फ मात्र त्यात होत नव्हता. फेब्रुवारी 2008 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवला, सुमारे 600 महिलांना बोलावून त्यांच्यापुढे नमुने ठेवले आणि त्यांची मते घेतली. विक्रीसाठी टपाल खात्याचीही मदत घेण्यात आली.

एवढे करूनही गावात खप अपेक्षेइतका झाला नाही. ज्या कुटुंबाकडे तेवढे पैसे जमत, त्याला आणखी थोडे साठवून 'खरा' फ्रीज घ्यावासा वाटे. मग कंपनीने मोहरा शहराकडे वळवला : टपरीवाले, फुलवाले, कार्यालये, मोटारीतून लांबचा प्रवास करणारे. 2012 मध्ये छोटूकूलला अमेरिकेतला एडिसन पुरस्कारही मिळाला.

छोटूकूलला यशस्वी म्हणायचे की फसलेले? ज्या घरांसाठी ती पेटी केली त्या घरांत ती पोहोचली नाही, हे प्रांजळपणे मान्य करायला हवे. पण कॉम्प्रेसरशिवाय थंड करण्याचे तंत्र कंपनीच्या हाती पक्के बसले. पुढे 'क्यूब' हा छोटा शीतक आणि इन्सुलिन ठेवण्यासाठीची 'इन्सुलीकूल' ही पेटी आली. पहिल्या दोन वर्षांच्या खपावर निकाल लावून गट मोडला असता, तर हे घडले नसते. प्रस्थापित कंपनीत नव्या कामाला जपण्याची मुख्य रीत हीच आहे : वेगळा गट, वेगळी मोजपट्टी आणि वरिष्ठांपैकी एकाने दिलेले अभय. जुन्या विभागाच्या नफ्याच्या टक्केवारीशी तुलना सुरू झाली की नवे मूल वर्षभरातच कुपोषित ठरते.

मोजपट्टीचे महत्त्व हिंदुस्तान लिव्हर किंमत मोजून शिकली. त्यांची प्रयोगशाळा अंधेरीला होती आणि सर्फ ही धुण्याची पावडर जोरात खपत होती. तेवढ्यात अहमदाबादच्या निरमाने तळचा अख्खा बाजार काबीज केला. उत्तर म्हणून ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात 'व्हील' आली, पण त्यासाठी उत्पादनापासून वितरणापर्यंतचा खर्च सर्फपेक्षा निराळ्या हिशेबाने मांडावा लागला. कांदिवलीला मोठा कारखाना असलेल्या महिंद्रने 2002 मध्ये आणलेल्या 'स्कॉर्पिओ'ची कथाही याच जातीची. डॉ. पवन गोएंका यांच्या हाताखाली तरुण अभियंत्यांचा गट, साधारण 600 कोटींचा खर्च आणि सुट्या भागांचे आराखडे करण्यात पुरवठादारांचा थेट सहभाग. परदेशी कंपन्या नवे मॉडेल करायला याच्या कितीतरी पट पैसे घालत.

स्टार्टअपची गरज याहून निराळी. तिथे जपायचे असते ते जुन्या धंद्यापासून नव्हे, उपासमारीपासून. अंधेरीच्या सीप्झने 1973 पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातदारांना तयार गाळे आणि सुटसुटीत सीमाशुल्क दिले. टाटा-बरोज, पटनी यांसारख्या संगणक कंपन्या तिथेच वाढल्या. पवईला आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने आधी माहिती तंत्रज्ञान विभागात आणि 2004 पासून 'साइन' या संस्थेमार्फत नव्या उद्योगांना आसरा मिळू लागला. टेबल-खुर्चीची जागा, प्रयोगशाळेतली महागडी यंत्रे, अनुभवी माणसांचा सल्ला, थोडे भांडवल आणि बदल्यात लहानसा हिस्सा, अशी ही व्यवस्था. ठरावीक मुदतीनंतर मात्र बाहेर पडावेच लागते.

'आयडियाफोर्ज' ही ड्रोन करणारी कंपनी याच आवारात वाढली. अंकित मेहता, राहुल सिंग आणि आशिष भट या आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी ती 2007 मध्ये स्थापन केली. '3 इडियट्स'मध्ये उडताना दिसणारे यंत्र त्यांचेच. डीआरडीओबरोबर केलेले 'नेत्र' हे ड्रोन 2013 च्या उत्तराखंड महापुरात बचावकार्याला वापरले गेले. सैन्याची पहिली मोठी मागणी आली ती थेट 2021 मध्ये, आणि जुलै 2023 मध्ये कंपनीचे समभाग बाजारात नोंदले गेले. म्हणजे स्थापनेपासून मोठ्या मागणीपर्यंत जवळजवळ 14 वर्षे. ॲपच्या धंद्यात दोन वर्षांत निकाल दिसतो. धातू, बॅटरी आणि हवा यांच्याशी झुंजणाऱ्या उद्योगाला एवढी कळ काढावीच लागते आणि भांडवल देणाऱ्यांनीही ती काढली पाहिजे. पुढे सरकारी मागणी ओसरल्यावर हा समभाग मूळ विक्रीच्या किमतीखालीही गेला. बहुतेक भिस्त एकाच मोठ्या ग्राहकावर असण्याची ती किंमत होती.

ग्राहकाचा हा प्रश्न सगळ्यांत कळीचा आहे. अनुदान, स्पर्धा, बक्षिसे यांची आज ददात नाही. 2016 च्या 'स्टार्टअप इंडिया'नंतर केंद्राने आणि 2018 च्या धोरणानंतर राज्याने त्यांत भर घातली. पण बक्षिसाने कंपनी चालत नाही. चालते ती पहिल्या खऱ्या मागणीने, कारण वस्तू वापरणारा तिचे दोष दाखवतो, बिलाचे पैसे देतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगता येईल असे एक नाव मिळते. सरकारी खरेदीत पूर्वानुभव आणि उलाढालीच्या अटी नव्या उद्योगांसाठी शिथिल करण्याची मुभा 2016 मध्येच देण्यात आली. खासगी कंपन्यांच्या खरेदी विभागांत मात्र तीन वर्षांचे ताळेबंद आणि आधीच्या पुरवठ्याचे दाखले मागण्याची रीत अजून पक्की आहे. पवईहून विक्रोळी किंवा अंधेरी फार लांब नाही. उपनगरांतल्या मोठ्या कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीतला लहानसा वाटा तरी अशा शेजाऱ्यांसाठी राखून ठेवावा आणि त्यांची बिले 45 दिवसांच्या आत चुकती करावीत.