दिवा वेळेवर विझला पाहिजे

सुरतच्या डिंडोली भागात, एका मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी पंखे जोरात फिरताहेत, तरी सगळे घामाने भिजलेत. बाहेर पावसाची रिपरिप चालू आहे. सतरंजीवर वीस-पंचवीस मुलंमुली मांडी घालून बसली आहेत. कुणी बी.कॉम.ला, कुणी बीसीएला, दोघी नर्सिंगला. बहुतेकांचं मूळ गाव धुळे, नंदुरबार नाहीतर जळगावकडचं. आजोबा किंवा वडील कापडाच्या कामासाठी इथे आले आणि इथलेच झाले. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले यात बरेच आहेत. आपसात गुजराती, घरच्या फोनवर अहिराणी आणि दादा समोर आले की जपून-जपून मराठी.

दादा या छोट्या विनोदी नाटकमंडळीचे दिग्दर्शक. आठवडाभर रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये हिशेब लिहितात. मंडळीला स्वतःचं थिएटर नाही. दोन पत्र्याच्या ट्रंका, चार दिवे, एक डिमर आणि कपड्यांचं गाठोडं, एवढाच संसार. गणपतीत लिंबायत, उधना, डिंडोलीच्या मंडपांत यांची अर्ध्या-पाऊण तासाची प्रहसनं होतात. नट आहेत. आजचा शोध बाकीच्यांचा आहे: दिवे, आवाज, प्रॉपर्टी, प्रॉम्प्टिंग, दारावरची माणसं.

पहिला मुलगा उठतो तो थेट नकलाच सुरू करतो. ‘चला हवा येऊ द्या’ पाहून घोटवलेल्या असाव्यात. आवाज हुबेहूब निघतात आणि हॉल हसून लोळतो. दादाही मनापासून हसतात.

‘‘छान. आता इकडं ये. दुसऱ्याच्या विनोदाला तुले काय येस?’’

मुलगा गोंधळतो. दादा त्याला भिंतीपाशी नेतात. तिथे एका फळीवर साधा बल्ब आणि बटण बसवलेलं आहे. मंडळीतले दोन नट समोर उभे राहतात. एक घरजावई, एक सासरा. संवाद जेमतेम मिनिटभराचा. सासऱ्याचं शेवटचं वाक्य ‘‘मग भाडं कोण देईल?’’ असं आहे आणि ‘देईल’ कानावर पडताक्षणी अंधार झाला पाहिजे.

पहिल्या वेळी मुलगा स्वतःच हसत बसतो. वाक्य संपतं, नट तसेच उभे, बल्ब जळतोच आहे. मग घाईघाईने विझतो. हशा येतो, पण फुसका. दुसऱ्या वेळी तो ‘भाडं’लाच बटण दाबतो; प्रश्न अंधारात बुडतो, कुणाला काही कळतच नाही. तिसऱ्या वेळी त्याचं लक्ष नटांच्या तोंडाकडे नाही, सासऱ्याच्या छातीकडे आहे. शेवटच्या शब्दाआधी सासरा श्वास घेतो, तेव्हाच याचं बोट बटणावर टेकतं. ‘देईल’ आणि अंधार एकदम. त्या अंधारात जो हशा फुटतो तो पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी मोठा आहे. वाक्य तेच, नट तेच. मी भिंतीला टेकून बसले आहे आणि मलाही हसू आवरत नाही.

विनोदी नाटकाचं मर्म मला इथेच दिसतं. गंभीर नाटकात दिवा क्षणभर उशिरा गेला तर चुकतं खरं, पण प्रेक्षक सांभाळून घेतात; विनोदात तेवढ्यानेच सगळं सांडतं. प्रॉम्प्टरचंही तसंच. हशा चढत असताना पुढचं वाक्य पुरवलं तर ते वाया जातं, हशा पुरता विझू दिला तर नट उघडा पडतो. तो उतरायला लागला की वाक्य गेलं पाहिजे. म्हणून दादा मुलांना बोलता येतं का, यापेक्षा ऐकता येतं का, हे पाहताहेत. मला हे फार योग्य वाटतं. युवा महोत्सवातल्या दहा मिनिटांच्या स्किटसाठी कॉलेजं बोलकी पोरं शोधतात, ऐकणारी मागेच राहतात.

मधल्या सुट्टीत चहा आणि खमण येतं. दादा यझदी करंजियांविषयी सांगताहेत. याच सुरतेत करंजियांनी घरच्याच माणसांना सोबत घेऊन पारशी-गुजराती विनोदी नाटकं केली, कितीतरी प्रयोग मदतनिधीसाठी केले, 2020 साली पद्मश्री मिळाली. मुलांना नाव नवीन आहे. ज्योतींद्र दवे हे मोठे विनोदी लेखक 1901 साली इथेच जन्मले, हेही कुणाला माहीत नाही. संजीवकुमार सुरतचा हे मात्र सगळ्यांना ठाऊक. पाल भागातलं सभागृह त्याच्या नावाचं आहे ना!

चहानंतर कामाचं बोलणं. नर्सिंगची एक मुलगी हात वर करते. ‘‘सर, इंटर्नशिपचे क्रेडिट मिळतील का?’’ नव्या शैक्षणिक धोरणापासून हा प्रश्न पदवीच्या वर्गावर्गांत आहे. एका क्रेडिटला 30 तासांचं काम. दादा सरळ सांगतात, मंजुरी कॉलेज देईल, आधी तुमच्या सरांना विचारून या. आम्ही तासांची वही ठेवू आणि पत्रावर केलेलं काम लिहू. दिवे सांभाळले असतील तर दिवे. ‘सक्रिय सहभाग’ असलं मोघम काही नाही. ज्यांना क्रेडिट नको ते स्वयंसेवक. बसभाडं आणि जेवण दोघांनाही. पगार नाही, कारण मंडपातून येणारी बिदागी ट्रकभाड्यातच जाते. हे ते मान खाली न घालता, आकडे मांडून सांगतात. फुकट राबवून घेण्याची नाटकवाल्यांची जुनी खोड मला खटकते, म्हणून ही वही मला मोलाची वाटते.

मार्केटमध्ये पार्सल बांधणारा एक मुलगा आतापर्यंत गप्पच आहे. दादा त्याला कपड्यांचं गाठोडं सोडायला लावतात. तो सहा जणांचे कपडे प्रवेशांच्या क्रमाने रचतो, सर्वांत आधी लागणारे वर, आणि दोरीची गाठ अशी मारतो की एका ओढीत सुटावी. कुणी शिकवलेलं नाही. साड्यांच्या गठ्ठ्यांवर बसलेला हात आहे. प्रॉपर्टीचं खातं त्याला तिथल्या तिथे मिळतं.

साडीला टिकल्या चिकटवण्याचं काम घरी करणारी एक मुलगी प्रॉम्प्टिंगला बसते. हस्तलिखितावर बोट ठेवून ती नटाकडे बघते, ओठ हलवते, आणि हशा उतरताना नेमका शब्द पोचवते. तिचे वडील दाराशी छत्री घेऊन केव्हाचे उभे आहेत. दादा त्यांना आत बोलावून खुर्ची देतात.

‘‘रातले कितला वाजतीन?’’

‘‘तालीम साडेआठला बंद, काका. मुलींना घरापर्यंत सोडायला माझी बायको असते. प्रयोगाच्या दिवशी उशीर होईल, तो आधी कळवू.’’

वडील मुलीकडे बघतात. ती हस्तलिखितातून मान वर करत नाही.

‘‘काका, तुम्हीही या की,’’ दादा म्हणतात. ‘‘गर्दीत दारावर मोठं माणूस लागतं.’’

‘‘माले काय करनं पडी?’’

‘‘उशिरा येणाऱ्याला थांबवायचं. हशा चालू असताना आत सोडायचं, म्हणजे वाक्य कुणाचं चुकत नाही.’’

वडील छत्री टेकवून विचार करतात आणि पुढचा रविवार कितीला, ते विचारतात.