‘एआय’ची पदवी : आधी क्रेडिट मोजा

बारावीचे निकाल लागले की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही स्टेशनांबाहेर नवे फलक चढतात. रिक्षाच्या पाठीवर, पुलाच्या कठड्यावर, जिथे जागा मिळेल तिथे. पूर्वी त्यांवर टॅली असायचे, मग हार्डवेअर-नेटवर्किंग आले. आता सगळीकडे ‘एआय’, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. ‘बी.कॉम. विथ एआय’, ‘एआय मायनर’, ‘डबल मेजर’. फलकावरचे शब्द एकाच आकाराचे, एकाच रंगाचे. त्यामुळे पालकांना वाटते की हे सगळे थोडेफार सारखेच असेल. तसे ते अजिबात नाही. यांतला एखादा शब्द पदवीच्या कागदावर छापून येतो, एखादा नुसता गुणपत्रिकेत एका ओळीत राहतो आणि एखादा कुठेच उमटत नाही.

हा फरक ओळखायला संगणकातले काही कळावे लागत नाही. क्रेडिट मोजता आले की पुरे.

क्रेडिट म्हणजे तासांचा हिशेब. एका सत्रात वर्गात पंधरा तास शिकवले की एक क्रेडिट; प्रात्यक्षिक असेल तर त्याच एका क्रेडिटला तीस तास. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, डिसेंबर २०२२ मध्ये जी चौकट आखून दिली, तिच्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० क्रेडिट लागतात. महाराष्ट्राने ही मर्यादा तीन वर्षांसाठी १२० ते १३२ आणि चार वर्षांसाठी १६० ते १७६ अशी ठेवली. आपल्याकडच्या स्वायत्त महाविद्यालयांत नवी पद्धत २०२३-२४ पासून आली, तर विद्यापीठाला संलग्न असलेल्या इतर महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. त्यामुळे थोरल्या बहिणीने पदवी घेतली ते नियम धाकट्या भावाला लागू पडतीलच असे नाही. घरातल्या घरात सल्ला देताना हे लक्षात ठेवावे.

आता फलकावरचे शब्द एकेक करून पाहू.

सर्वांत हलका प्रकार म्हणजे खुला ऐच्छिक विषय, मुलांच्या भाषेत ‘ओपन इलेक्टिव्ह’. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आपल्या शाखेबाहेरचा म्हणून दोन क्रेडिटचा ‘एआयची ओळख’ घेतो. दोन क्रेडिट म्हणजे तीस तास. ओळख करून घ्यायला तीस तास चांगलेच आहेत, घ्यावा असा विषय आहे. पण त्याला कोणी ‘बी.कॉम. विथ एआय’ म्हणू लागले तर आपण तीस हा आकडा आठवावा.

त्यावरची पायरी मायनर, म्हणजे दुय्यम विषय. यूजीसीच्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीत मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, ६० क्रेडिट आणि मायनरला २४. हा आकडा विद्यापीठागणिक खालीवर होतो, आपल्या राज्यात तो याहून कमीही आढळतो. म्हणून आपल्या विद्यापीठाचा आकडा पाहून घ्यावा. चोवीस क्रेडिट म्हणजे निदान ३६० तास. ओळखीच्या तीस तासांशी याची तुलनाच नको.

इथे एक गोष्ट पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. बी.एस्सी.सारख्या पदवीत मायनर हा त्या १२० किंवा १३२ क्रेडिटच्या आत बसवलेला असतो. तो वरचा दागिना नव्हे. मुख्य विषय रसायनशास्त्र, त्यात उत्तम गुण, पण हौसेने घेतलेल्या एआय मायनरमध्ये केटी राहिली, तर एकूण क्रेडिट भरत नाहीत आणि पदवी अडकते. मग नोकरीची मुलाखत असो की एम.एस्सी.चा प्रवेश, ‘मुख्य विषय तर सुटलाय’ हे उत्तर चालत नाही.

डबल मेजरचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. पहिल्या मुख्य विषयाचे किमान पन्नास टक्के क्रेडिट, म्हणजे १२० पैकी ६०. दुसऱ्या मुख्य विषयाचे किमान चाळीस टक्के, म्हणजे ४८. झाले १०८. उरले १२. आता या बारांत भाषा, कौशल्याचे विषय, मूल्यशिक्षण, इतर विद्याशाखांचे विषय आणि उन्हाळ्यातली इंटर्नशिप बसवायची. आणि त्यांची यूजीसीच्याच तक्त्यातली बेरीज ३४ ते ३८ होते. म्हणजे १२० मध्ये हे मावत नाही. मायनरच्या चोवीसच्या जागी अठ्ठेचाळीस हवेत, तर वरचे चोवीस कुठून तरी आणावे लागणार. सत्राला वीस क्रेडिट धरले तर हे एका अख्ख्या सत्राहून जास्त काम झाले. काही क्रेडिट ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरून मिळवता येतात, काही सुट्टीत. पण ‘तेवढ्याच वेळात दोन विषयांची पदवी’ असे कोणी सांगत असेल, तर ही बेरीज त्याच्यापुढे ठेवावी आणि उत्तर ऐकावे.

अभियांत्रिकीचा मामला वेगळा. एआयसीटीईने २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात पदवीला १६० क्रेडिट ठरवले आणि त्याशिवाय वीसेक क्रेडिट जादा मिळवणाऱ्याला ऑनर्स किंवा मायनर द्यावे, असे सुचवले. म्हणजे इथे मायनर वरचे. ते अर्धवट सुटले तरी मूळ पदवीला धक्का नाही. पुढे राज्याच्या २०२३ च्या रचनेत पदवीच्या आत १४ क्रेडिटचे एक बहुविद्याशाखीय मायनर सक्तीचे झाले, आणि आणखी १८ ते २० क्रेडिट केल्यास ऑनर्स किंवा दुसरे मायनर. तेव्हा ‘आमच्याकडे एआय मायनर आहे’ या वाक्यावर पहिला प्रश्न हा : आतले चौदाचे की वरचे अठराचे?

क्रेडिट झाले, पण त्यांत शिकायचे काय? मोबाइलला प्रश्न विचारून उत्तर मिळवणे म्हणजे एआय शिकणे नव्हे. उल्हासनगरात जीन्स शिवल्या जातात. समजा, कॅमेऱ्याने शिवणीचा दोष पकडणारा प्रोग्रॅम करायचा आहे. चांगल्या आणि उसवलेल्या शिवणींची हजारो छायाचित्रे संगणकाला दाखवायची. त्याच्या दृष्टीने प्रत्येक छायाचित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता; म्हणून रेषीय बीजगणित, बारावीला भेटलेल्या मॅट्रिक्सचा मोठा भाऊ. चूक झाली की आकडे किती आणि कोणत्या दिशेने सरकवायचे, हे ठरवायला कलनशास्त्र. आता हजार पँटमध्ये दहाच सदोष आहेत असे धरा. जो प्रोग्रॅम डोळे मिटून सगळ्यांना ‘चांगली’ म्हणतो, तोही शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर ठरतो आणि तरीही कवडीच्या उपयोगाचा नसतो! हे ज्याला कळते त्याने संभाव्यता आणि संख्याशास्त्र शिकले आहे. ज्या मायनरच्या विषयांच्या यादीत गणित आणि संख्याशास्त्र नाही, प्रोग्रॅमिंग नाही आणि शेवटी स्वतः करायचा प्रकल्प नाही, त्याबद्दल मला शंका येते.

आणखी एक वाट आहे आणि ती आपल्या भागातल्या मुलांना जास्त सोयीची वाटते. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. म्हणजे उल्हासनगरच्या चांदीबाईत किंवा तालरेजात आपली नेहमीची पदवी चालू ठेवायची आणि बरोबर एखादी ऑनलाइन पदवी. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सची अशी पदवी सुरू केली. तिला जेईई लागत नाही, पण आधी पात्रता परीक्षा पार करावी लागते. धडे ऑनलाइन, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन. पूर्ण चार वर्षांच्या पदवीला १४२ क्रेडिट, आणि मध्येच थांबायचे असेल तर पायाभूत प्रमाणपत्र, डिप्लोमा, बी.एस्सी. असे टप्पे. उत्पन्नानुसार व प्रवर्गानुसार शुल्कात सवलत आहे. ही डबल मेजर नव्हे. या दोन स्वतंत्र पदव्या, दोन स्वतंत्र कागद. कॉलेजच्या पदवीत मायनर म्हणून तिचा उल्लेख येणार नाही.

शिक्षण मध्येच थांबले तर मिळवलेले क्रेडिट ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या खात्यात जमा राहतात, जास्तीत जास्त सात वर्षे. खाते मुलाने स्वतः उघडायचे असते. दर सत्रानंतर ते उघडून एआयचे क्रेडिट जमा झाले की नाही हे पाहावे. खाजगी वर्गाचे चकचकीत प्रमाणपत्र या खात्यात येत नाही, ही त्याची साधी परीक्षा.

आणि शेवटी वेळापत्रक मागून घ्या. बदलापूरहून मुंबईत शिकायला जाणाऱ्याचे गाडीतच जाऊन-येऊन तीन तास जातात. मायनरची प्रात्यक्षिके बहुधा इतर विषयांचे तास आटोपल्यावर, संध्याकाळी ठेवतात. एका क्रेडिटला तीस तास या दराने ती किती दिवस चालणार आणि त्या दिवशी मुलाला कोणती गाडी मिळणार, हे प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात बसून लिहून काढावे.