कर्करोगाचे उपचार आणि पुरुषाचे कामजीवन

कर्करोग बरा झाला की रुग्णाचे प्रश्न संपले, असे आपण समजतो. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर उपचार घेतलेल्या अनेक पुरुषांना मात्र शिश्नाला ताठरता न येण्याची अडचण पुढे छळत राहते. रुग्ण संकोचाने विचारत नाही, डॉक्टरही पुष्कळदा आपण होऊन सांगत नाहीत आणि पती-पत्नींत अबोला वाढतो. म्हणून यामागचे शरीरशास्त्र समजून घेऊ.

अक्रोडाएवढी ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते. तिच्या दोन्ही बाजूंनी बारीक चेतातंतू शिश्नाकडे जातात. त्यांच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतो. त्यामुळे सीजीएमपी नावाचा पदार्थ तयार होतो, रक्तवाहिन्यांचे स्नायू सैलावतात, रक्त भरते आणि ताठरता येते. तंतू तुटले तर हा निरोपच पोचत नाही.

या तंतूंचा नेमका मार्ग पूर्वी ठाऊक नव्हता. त्यामुळे शस्त्रक्रियेत ते बहुधा कापले जात. १९८१ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे पीटर डोंकर व अमेरिकन शल्यविशारद पॅट्रिक वॉल्श यांनी विच्छेदन करून तो शोधला. १९८२ मध्ये वॉल्श यांनी बाल्टिमोर येथे तंतू वाचवून शस्त्रक्रिया केली. अर्थात कर्करोग तिथवर पसरला असेल, तर तंतू काढावेच लागतात. वाचलेले तंतूही दुखावतात. ते सावरायला दोन वर्षेसुद्धा लागू शकतात. किरणोपचाराचा परिणाम हळूहळू जाणवतो, तर टेस्टोस्टेरॉन घटवणाऱ्या उपचारांत इच्छाच मंदावते.

१९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सिल्डेनाफिल हे औषध सीजीएमपीचे विघटन करणाऱ्या विकराला अडवते. म्हणजे मुळात थोडा तरी निरोप पोचायला हवा. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी मात्र ते घेऊ नये. रक्तदाब धोकादायक उतरतो. औषध लागू न पडल्यास निर्वात पंप, इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेने बसवायचे साधन, असे पर्याय आहेत. स्पर्शसंवेदना नेणारे तंतू वेगळे असतात. त्यामुळे ग्रंथी काढल्यावर वीर्य बाहेर आले नाही, तरी सुखाची जाणीव बहुधा टिकते.

तरुणांपुढे आणखी एक प्रश्न असतो. काही रसायनोपचारांनी शुक्राणूंची निर्मिती थांबते, कधी कायमची. उपचारांपूर्वी शुक्राणू गोठवून ठेवता येतात. वयात आलेल्या मुलांनाही हे शक्य असते. उपचार सुरू झाल्यावर ही संधी निसटू शकते.

म्हणून हे सारे डॉक्टरांना आधीच आणि शक्यतो पती-पत्नींनी मिळून विचारावे. वर्गात प्रजननसंस्था न टाळता शिकवली, तर उद्या असा प्रसंग आल्यावर विचारण्यासाठी आपल्या विद्यार्थ्यांजवळ निदान शब्द तरी असतील.