लालनंतर निळा

दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहाराची संत्री तोडणीला आली, की पांढुर्णा-सौसरच्या बागांत प्लास्टिक क्रेटच्या थप्प्या लागतात. कुणाचे लाल, कुणाचे निळे. बाजाराच्या गर्दीत आपला माल रंगावरून चटकन ओळखता येतो. पण कारखान्यात लाल क्रेट काढून झाल्यावर त्याच मोल्डिंग मशीनवर निळे काढायचे, तर आधी मशीन आतून साफ करावं लागतं. तिथे पाणी चालत नाही. प्लास्टिकनेच प्लास्टिक धुवायचं. याला परजिंग म्हणतात.

हे क्रेट इंजेक्शन मोल्डिंगने बनतात. त्याचं पहिलं पेटंट 1872 चं, अमेरिकेतल्या हायट बंधूंचं. त्यात नुसता दट्ट्या होता. 1946 मध्ये जेम्स हेन्ड्रीने फिरता स्क्रू आणला आणि रंग, भंगाराचा दाणा, नवा दाणा सगळं एकजीव होऊ लागलं. पण रंगाला दडून बसायच्या जागाही त्याच स्क्रूने दिल्या: आट्यांच्या मुळाशी, टोकाच्या चेक रिंगमागे, नोझलच्या सांध्यात.

चांगला ऑपरेटर आधी दाणा ओतायचा हॉपर रिकामा करून पुसून घेतो. एक लाल दाणा राहिला तरी पुढे निळ्यात रेघ उठते. मग नोझल साच्यापासून मागे घेऊन बिनरंगी, घट्ट वाहणारा एचडीचा, म्हणजे हाय-डेन्सिटी पॉलिथिनचा, दाणा टाकतो. घट्ट माल स्क्रूभोवतीच्या बॅरलची भिंत घासत पुढे सरकतो. नोझलमधून आधी गडद लाल लोळ येतो, मग गुलाबी, मग पांढऱ्यात एखादी लाल शीर. ती शीर दिसेपर्यंत सगळं साफ झाल्यासारखं वाटतं, आणि घाई इथेच नडते. स्क्रूचा वेग कमीजास्त करत, थोडे थोडे शॉट मारत राहावं लागतं. एवढ्यानेही भागलं नाही, तर स्क्रू बाहेर काढून पितळी ब्रशने घासतात. पोलादी पात्याने कधीच नाही. पडलेल्या ओरखड्यात पुढचा रंग अडकतो.

डाग पडलेला क्रेट दळून परत वापरता येतो. खरी जोखीम माणसाला आहे. दोनशे अंशांपलीकडचा हा लोळ कातडीला चिकटतो आणि सुटत नाही. बॅरलमध्ये वायू कोंडला असेल तर माल नोझलमधून उसळून बाहेर येतो. म्हणून मशीनची जाळी बंद हवी आणि तोंड नोझलसमोर नको. पीव्हीसी आणि अ‍ॅसिटल या दोन प्लास्टिकांची तर गरम बॅरलमध्ये गाठ पडूच द्यायची नाही. पीव्हीसी जळताना निघणाऱ्या आम्लाने अ‍ॅसिटल फुटतं, फॉर्मल्डिहाइड सुटतं, दाब झपाट्याने वाढतो. दोन्हींच्या मध्ये पॉलिथिनने बॅरल पुरता धुतल्याशिवाय पुढचं पोतं उघडू नये. हा नियम नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी, त्याला कळणाऱ्या बोलीत सांगितला गेला पाहिजे.

परजिंगचे गोळे बघून मालकाला माल वाया गेल्यासारखं वाटतं. मला तो हिशेब अपुरा वाटतो. गोळ्याचं वजन करून नोंदवावं आणि ते क्रेटच्या खर्चात धरावं. बचत करायचीच तर रंगांच्या पाळ्या लावताना करावी: आधी पांढरा, मग पिवळा, लाल, निळा आणि शेवटी काळा. फिकटावरून गडदाकडे जाताना दाणा कमी लागतो, काळ्यावरून पांढऱ्यावर येताना सगळ्यात जास्त. कोणत्या बदलाला किती किलो लागले, याचा तक्ता मशीनशेजारी टांगला, तर रात्रपाळीच्या नव्या मुलाला अंदाजावर काम करावं लागत नाही.