तडीपार, गडीपार आणि महजर

सदलग्याच्या माणसाला कोर्टाची पायरी नवी नाही. दूधगंगेच्या अलीकडचा ऊस कर्नाटकात, पलीकडच्या दत्तवाडचा महाराष्ट्रात आणि सोयरीक दोन्ही काठांवर. त्यामुळे बांधाचा तंटा असो की बहिणीच्या हिश्शाचा, तो कुठल्या राज्यात लढायचा हे नदीच ठरवते. अलीकडचा असला तर चिक्कोडी, बेळगाव आणि मग धारवाड. तिथं 2008 साली उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ आलं आणि 2013 मध्ये ते कायम झालं. पलीकडचा असला तर जयसिंगपूर, कोल्हापूर आणि त्यापुढं परवापरवापर्यंत थेट मुंबई. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच बसलं आणि दत्तवाडच्या पक्षकाराची रात्रीची रेल्वे सुटली.

या पट्ट्यातल्या लोकांच्या तोंडची कोर्टाची भाषा गोळा करायचा नाद मला बरीच वर्षं आहे. कुणी कोर्टातून आला की निकाल काय लागला हे विचारण्याआधी मी विचारतो, पुकारा झाला तेव्हा नेमकं काय म्हणाले? लोक वैतागतात. पण हा नाद लावून घ्यावा असाच मुलूख आहे. कारण इथं वरचा थर इंग्रजीचा, खालचा फारसीचा आणि दोन्हींच्या फटीतून एकीकडून मराठी, दुसरीकडून कानडी उगवलेली.

इंग्रजीपासूनच सुरुवात करू. समन, वारंट, बेलीफ, डिक्री, अपील, स्टे, केस हे शब्द आता कुणी शिकवावे लागत नाहीत. आपण ते नुसते घेतले नाहीत, त्यांना आपली क्रियापदं जोडून कामाला लावलं. वारंट निघतं, समन लागतं, स्टे आणतात आणि तो उठतोसुद्धा, केस पडते, माणूस अपिलात जातो. शाळेत चौथीच्या पुढं न गेलेल्या एका चुलत्यांना मी 'एक्स पार्टी डिक्री' हे शब्द खडखडीत उच्चारताना ऐकलंय. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण आपण तारखेला गेलो नाही आणि निकाल समोरच्याच्या बाजूनं लागला, एवढं त्या तीन शब्दांत आहे हे पक्कं ठाऊक होतं.

गंमत लघुरूपांची. कर्नाटकात दिवाणी दावा 'ओएस', महाराष्ट्रात तोच 'आरसीएस'. खरा गोंधळ 'पीसीआर'चा. कोल्हापूरच्या बाजूला एखाद्याची पीसीआर झाली म्हणजे त्याला पोलिस कोठडी मिळाली. कर्नाटकातल्या कोर्टात पीसीआर म्हणजे पोलिसांना वगळून थेट मॅजिस्ट्रेटपुढं केलेली खाजगी फिर्याद. आमच्या नात्यातल्या एका मामांनी चिक्कोडीला अशी फिर्याद केली आणि इचलकरंजीच्या मेहुण्याला फोनवर सांगितलं, "पीसीआर झाली बगा आज." मेहुणे जामिनासाठी सातबारा घेऊन निघाले. इकडं जामिनाला सातबारा चालत नाही, पहाणीचा उतारा लागतो, ही आणखी वेगळी कथा.

इतिहास थोडक्यात उरकतो, कारण तो कुठंही मिळेल. 1818 ला पेशवाई गेली. 1827 साली एल्फिन्स्टनच्या काळातले मुंबई इलाख्याचे रेग्युलेशन्स लागू झाले. मेकॉलेनं 1837 मध्ये मसुदा केलेलं दंडविधान 1860 ला कायदा होऊन 1 जानेवारी 1862 पासून अंमलात आलं. बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबईकडं होता, मग म्हैसूर राज्यात गेला. 1 जुलै 2024 पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं 302 जाऊन 103 झालं आणि चारशेवीसचं 318. लोक मात्र फसवणाऱ्याला अजून चारशेवीसच म्हणतात आणि पुढली पन्नास वर्षं म्हणतील असं मला वाटतं.

आता माझ्या आवडीच्या शब्दाकडं येतो. तो म्हणजे महजर.

महाराष्ट्रात पोलिस घटनास्थळी जाऊन पंचांसमक्ष जो कागद करतात तो पंचनामा. कर्नाटकात त्यालाच महजर म्हणतात. जागा पाहिली की स्थळ महजर, माल जप्त केला की जप्तीचा महजर. बेळगाव-धारवाडकडं मुंबई इलाख्याच्या जुन्या सवयीनं पंचनामाही चालतो, पण बंगळूर-म्हैसूरकडं महजरच अधिक. इंग्रजीत टाइप केलेल्या आरोपपत्रातही तो शब्द तसाच बसलेला असतो. मराठी वाचकाला तो परका वाटेल. पण तो एके काळी आपल्या न्यायाचा गाभा होता.

शिवकाळात आणि पेशवाईत पाटीलकीचा किंवा कुलकर्णाचा वाद उठला की गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, बलुतेदार, शेजारच्या गावचे जाणते, सगळे हजर. आधी दोन्ही पक्षांकडून राजीनामा घेत, म्हणजे तुम्ही द्याल तो निवाडा आम्हाला राजी आहे असं लेखी. आज राजीनामा खुर्ची सोडताना देतात. कानडीत मात्र 'राजी' या शब्दानं तडजोडीचा अर्थ अजून सांभाळलाय. लोकअदालतीला कर्नाटकातले वकील पक्षकाराला म्हणतात, राजी करून घ्या. तर राजीनामा झाला, जामीन घेतले, मग दोघांच्या तकरिरी (म्हणजे आपापलं म्हणणं), साक्षी, निवाडा. आणि शेवटी जो कागद होई तो महजर. त्यावर हजर असलेल्या सगळ्यांची नावं. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी. पाटलाचा नांगर, चांभाराची आरी. महजर हा शब्द अरबी, हाजर आणि हुजूर यांच्याच घरातला. अमुक माणसं समोर होती, एवढंच तो सांगतो. आजच्या पोलिसांच्या महजरावर दोन पंचांच्या सह्या असतात, त्या त्या नांगराची आणि आरीची नातवंडं आहेत.

या महजरांवर वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचा आपला ग्रंथ उभा केला. 1953 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तो काढला. इंग्रजीत आहे, तरी ज्याला जमेल त्यानं वाचावाच. साक्षीपुरावा तुटपुंजा पडला की दिव्य करायला लावत. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हातानं काढायचा, ते रवादिव्य. मग हात पिशवीत बांधून मोहोर करायची आणि ठरल्या दिवशी सर्वांसमक्ष उघडायची. हात शाबूत तर माणूस खरा. अशा न्यायाचा मला अजिबात पुळका नाही. पण निकालानंतरची वसुली वाचताना मजा येते. जिंकणारा सरकारला आनंदापोटी पैसे देई, ती हरकी. हरणारा देई ती गुन्हेगारी. म्हणजे आज जी गुन्हेगारी वाढली म्हणून आपण ओरडतो, ती तेव्हा खजिन्यात जमा होई! कोर्ट फी आधी भरून घेणाऱ्या इंग्रजांपेक्षा निकालानंतर हरकी घेणारे कारभारी मला जास्त प्रामाणिक वाटतात.

फारसी शब्द इंग्रजी अंमलातही मेले नाहीत. इंग्रजांनीच ते पाळले. महाराष्ट्रातल्या कोर्टांत डिक्रीच्या अंमलबजावणीचा अर्ज अजून 'रेग्युलर दरखास्त' या नावानं नोंदला जातो. फिर्याद, जामीन, जप्ती, मुद्देमाल, जातमुचलका हे सगळे दोन्ही राज्यांत जवळजवळ सारखे. म्हणून सदलग्याचा कानडी बोलणारा आणि मराठी बोलणारा एकमेकांच्या नोटिशी अर्ध्याअधिक समजून घेतात. उरलेल्या अर्ध्यात इंग्रजी असते आणि ती दोघांनाही सारखीच येते.

उलट्या दिशेनंही देवघेव झाली. लूट, डकैत, ठग हे शब्द इंग्रजीनं आपल्याकडून नेले आणि त्यातले काही कायद्यात बसवले. जुन्या दंडविधानाचं 310 वं कलम ठग म्हणजे कोण हे सांगत असे. नव्या संहितेनं ठग वगळला आणि योगायोग असा, की तिच्यात 310 वं कलम आहे ते दरोड्याचं. पाच जण लागतात दरोड्याला. चार असतील तर ती जबरी चोरी.

शिक्षांच्या शब्दांत मला सर्वांत सुंदर वाटतो तडीपार. (शिक्षेला सुंदर म्हणू नये, पण शब्दाला काय हरकत?) मुंबई पोलिस कायदा 1951 चा, आता त्याला महाराष्ट्र पोलिस कायदा म्हणतात. त्याखाली गुंडाला जिल्ह्याबाहेर काढतात, जास्तीत जास्त दोन वर्षं. खरं तर ही शिक्षाही नव्हे, खबरदारी. त्यासाठी गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. तड म्हणजे काठ, त्या पार घालवणं. 1963 च्या कर्नाटक पोलिस कायद्यात हीच तरतूद आहे आणि कानडीत तिला म्हणतात गडीपार. गडी म्हणजे सीमा. मराठीनं नदी धरली, कानडीनं हद्द. सदलग्यात दोन्ही एकाच दिशेला आहेत! कोल्हापूर जिल्ह्यातून तडीपार झालेल्यानं मलिकवाडचा पूल ओलांडला की काम झालं. फक्त पावसाळ्यात तो मलिकवाड-दत्तवाड पूल पाण्याखाली जातो, तेव्हा फेऱ्यानं जावं लागतं.

काळं पाणी मात्र गेलं. समुद्रापार पाठवायची ती शिक्षा 1955 च्या दुरुस्तीनं कायद्यातून निघाली आणि जन्मठेप उरली. अंदमानात जन्मठेप भोगलेले सावरकर 1950 साली बेळगावच्या हिंडलगा तुरुंगात होते, पण तेव्हा ते कैदी नव्हते, स्थानबद्ध होते. खटला नाही, शिक्षा नाही, तरी एप्रिलपासून जुलैपर्यंत आत. दिनांक आणि महापौर हे शब्द मराठीला देणाऱ्या माणसाला या फरकाची जाणीव नसेल असं कसं म्हणावं?

सदलग्याच्या संदर्भात आणखी एक शब्द टाळता येत नाही, सल्लेखना. दिगंबर जैन मुनी आचार्य विद्यासागर महाराजांचा जन्म इथला, 1946 चा. ऑगस्ट 2015 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं संथारा, म्हणजेच सल्लेखना, आत्महत्येच्या कलमाखाली गुन्हा ठरवला. या भागातला जैन समाज हादरला. त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानं स्टे दिला. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराजांनी छत्तीसगडात डोंगरगढला सल्लेखनेनं देह ठेवला. व्रत घेऊन अन्नपाणी कमी करत जाणं आणि जीव देणं यांना एकाच कलमात कोंबणं मला चूक वाटतं. 1860 मध्ये कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं दिगंबर मुनी नक्कीच नव्हता.

आणि सरतेशेवटी ही सीमासुद्धा एक दावाच आहे. महाजन आयोगानं 1967 मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यायला सांगितलं होतं, पण अहवाल महाराष्ट्राच्या पचनी पडला नाही. 2004 साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. वादी महाराष्ट्र, प्रतिवादी केंद्र सरकार आणि कर्नाटक, मूळ दावा क्रमांक 4. चिक्कोडीच्या कोर्टाबाहेर चहा पिताना मी हे एका वयस्कर पक्षकाराला सांगितलं. त्यांचा स्वतःचा वाटणीचा दावा त्याहून जुना निघाला. ते म्हणाले, "मग आमच्यामागनं लाईनीत हायत की ते."